काखमांजरी पुन्हा पुन्हा का होते? हिड्राडेनायटिस सपुराटिव्हा, त्याचं दुखणं आणि रोजचं जगणं

काखेत गळू आलं की कोल्हापूर भागातली जुनी माणसं त्याला काखमांजरी म्हणतात. केसाच्या मुळाशी पिकलं तर केस्तूड, मांडीवर आलं तर करट, पायाला जखम होऊन जांघेत गाठ आली तर अवधाण. मराठीत यासाठी इतके शब्द आहेत, कारण गळू कधी ना कधी बहुतेकांना होतंच. आठ-दहा दिवस ठणकतं, पिकतं, फुटतं आणि माणूस विसरून जातो.

काहींना मात्र ते विसरता येत नाही. काखेतलं एक बरं होतं तोवर दुसऱ्या काखेत गाठ लागते. मग जांघेत, स्तनाखाली, बसायच्या जागी. फुटलेल्या जागेतून महिनोन्‌महिने पाणी येत राहतं, कपड्यांना डाग पडतात, वास येतो, हात वर उचलता येत नाही. घरचे म्हणतात अंगात उष्णता वाढलीय, शेजारी म्हणतात रक्त खराब आहे. डॉक्टर चिरा देऊन पू काढतात आणि दोन महिन्यांनी सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

अशा वेळी प्रश्न एका गळवाचा नसतो. हा हिड्राडेनायटिस सपुराटिव्हा नावाचा दीर्घकाळ चालणारा त्वचेचा आजार असू शकतो. डॉक्टर त्याला थोडक्यात 'एचएस' म्हणतात. तो मुळापासून कायमचा बरा करणारं औषध अजून नाही. पण दुखणं कमी करता येतं, नवी गळवं कमी करता येतात आणि त्वचेखाली होणारं कायमचं नुकसान थांबवता येतं. त्यासाठी प्रत्येक गळू वेगळं समजून निस्तरायचं सोडून सगळी गळवं एकाच आजाराची आहेत हे ओळखावं लागतं.

त्वचेखाली नेमकं काय होतं?

केस ज्या बारीक नळीतून उगवतो त्या नळीचं तोंड बुजतं. आत मृत पेशींचा चोथा साचत जातो, नळी फुगते आणि त्वचेच्या आतल्या बाजूला फुटते. आतला माल आजूबाजूला पसरला की शरीराची संरक्षणयंत्रणा त्याच्यावर तुटून पडते, आणि एचएसमध्ये हा हल्ला गरजेपेक्षा फार मोठा असतो. सूज, ठणका आणि पू मुख्यतः त्यातून येतात. जंतू तिथे असतात, पण आजार केवळ जंतूंमुळे होत नाही. म्हणूनच पाच दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स करून तो जात नाही.

हे वारंवार झालं की शेजारशेजारची गळवं आतून एकमेकांना जोडली जातात. त्वचेखाली उंदराच्या बिळांसारखी भुयारं तयार होतात आणि वरून जाड, ओढल्यासारखे वण दिसतात. डॉक्टर आजाराच्या तीन पायऱ्या मानतात, त्यांना हर्ली स्टेज म्हणतात. पहिलीत नुसती गळवं, भुयारं किंवा वण नाहीत. दुसरीत गळवं वारंवार येतात आणि सुटी सुटी भुयारं व वण दिसतात. तिसरीत अख्खी काख किंवा जांघ जोडलेल्या भुयारांनी भरलेली असते. पहिल्या पायरीवरची सूज औषधांनी ओसरते. पक्क्या झालेल्या भुयाराला मात्र बहुतेक वेळा शस्त्रक्रियाच लागते. उशिराची किंमत मोजावी लागते ती इथे.

आजार साधारणपणे वयात आल्यानंतर, बहुतेकदा विशीत सुरू होतो. युरोप-अमेरिकेत तो पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये सुमारे तिप्पट आढळतो, तर जपान आणि कोरियात पुरुषांचं प्रमाण जास्त आहे. साधारण एकतृतीयांश रुग्णांच्या घरात आणखी कुणाला तरी तो असतो. स्थूलपणा, धूम्रपान, मधुमेह आणि पीसीओएस यांच्याशी त्याचा संबंध दिसतो. तरीही सडपातळ, निर्व्यसनी माणसालाही तो होतो.

तो एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. लैंगिक संबंधातून येत नाही. अंघोळ कमी केल्याने होत नाही. उलट यातले बरेच रुग्ण दिवसातून दोन-तीनदा अंघोळ करून थकलेले असतात.

चुकीचं नाव आणि कार्ल मार्क्सची गळवं

अस्वच्छतेचा आरोप या आजाराला चिकटला, त्यात त्याच्या नावाचाही थोडा हात असावा. १८३९ मध्ये व्हेल्पो या फ्रेंच शल्यविशारदाने काख, स्तन आणि गुदद्वाराजवळच्या अशा गळवांचं वर्णन केलं. १८५४ मध्ये व्हर्नोय या दुसऱ्या फ्रेंच शल्यविशारदाने ही घामाच्या ग्रंथींची सूज आहे असं मानून तसं नाव दिलं. हिड्राडेनायटिस या शब्दाचा अर्थच घामाच्या ग्रंथीचा दाह. पुढे कळलं की सुरुवात घामाच्या ग्रंथीत होत नाही, केसाच्या मुळाशी होते. नाव तेच राहिलं आणि 'घाम येऊ देऊ नका, स्वच्छ राहा' हा सल्लाही राहिला.

याचा सगळ्यात प्रसिद्ध संभाव्य रुग्ण कार्ल मार्क्स. १८६० च्या दशकातल्या त्याच्या पत्रांत काख, जांघ आणि बसायच्या जागेवरच्या गळवांच्या तक्रारी पुन्हा पुन्हा येतात. बसता येत नाही म्हणून काम अडल्याचं तो लिहितो. पोटीस आणि सोमल असे त्या काळचे उपाय त्याने केले, एकदा तर वस्तरा घेऊन स्वतःच गळू कापलं. २००७ मध्ये सॅम शूस्टर या ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञाने या पत्रांवरून, हा एचएस असावा असा निष्कर्ष मांडला. मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी केलेलं निदान खात्रीचं मानता येत नाही. पण काम अडणं, चिडचिड, स्वतःच्या शरीराची किळस वाटणं हे सगळं आजच्या रुग्णाला ओळखीचं वाटेल.

निदानाला इतकी वर्षं का लागतात?

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत सरासरी ७.२ वर्षं गेल्याचं आढळलं. त्याच अभ्यासात सोरायसिसच्या रुग्णांना १.६ वर्षं लागली होती. २०२० च्या दुसऱ्या मोठ्या सर्वेक्षणात एचएसचा आकडा दहा वर्षांच्या वर गेला. हे अभ्यास अनेक देशांतल्या रुग्णांचे आहेत, म्हणजे अडचण केवळ खेड्यापाड्यांतली किंवा केवळ भारतातली नाही.

कोल्हापुरात तिला आणखी दोन-तीन पदर आहेत. पहिला लाजेचा. जागाच अशा, की आईलासुद्धा दाखवायला संकोच वाटतो. त्यात सरकारी रुग्णालयांत या विभागाची पाटी बहुधा 'त्वचा व गुप्तरोग विभाग' अशी असते. लग्नाचं वय झालेली मुलगी त्या पाटीखालच्या रांगेत ओळखीचं कुणी भेटेल या भीतीने उभी राहत नाही. ती घराजवळच्या दवाखान्यात जाते, गोळ्या घेते आणि गळू बसलं की विषय संपवते. पुढच्या वेळी दुसरा दवाखाना. अशा पाच दवाखान्यांत पाच गळवांची नोंद होते, पण ती एकाच माणसाची आहेत हे कुणालाच दिसत नाही.

दुसरा पदर क्षयाचा. काखेत किंवा जांघेत सतत वाहणारी जखम दिसली की आपल्याकडे डॉक्टरांच्या मनात आधी गाठींचा टीबी येतो, आणि तो यायलाच हवा. पुवाची किंवा गाठीच्या तुकड्याची तपासणी करून टीबी नाही याची खात्री करावी लागते. पण तपासणी न करता केवळ अंदाजाने टीबीची औषधं सुरू झाली, तर सहा महिने वाया जातात. बसायच्या जागेचं दुखणं असंच भगंदर समजून वर्षानुवर्षं दाखवलं जातं.

एचएस पक्का करणारी रक्ताची चाचणी नाही. डॉक्टर तीन गोष्टी पाहतात: गळवं-गाठी-भुयारं त्या विशिष्ट प्रकारची आहेत का, ठरलेल्या जागीच येतात का, आणि परत परत येतात का. सहा महिन्यांत दोन किंवा जास्त वेळा असं झालं असेल तर एचएसचा विचार व्हायला हवा. म्हणजे निदानाचा मोठा पुरावा रुग्णाच्याच आठवणीत असतो.

इथे तालमींच्या या जिल्ह्यासाठी एक फरक सांगायला हवा. कुस्तीगिरांना अंगाला अंग घासून होणारी साधी जंतुजन्य गळवं एकमेकांकडून लागतात. एचएस तसा लागत नाही. तरी उघडी जखम घेऊन कुणीच आखाड्यात उतरू नये, दोघांच्याही भल्यासाठी.

दुखणं एकाच प्रकारचं नसतं

एचएसमधल्या वेदनेला बाहेरचे लोक फार हलक्यात घेतात. 'गळूच तर आहे' हे वाक्य रुग्णाने शंभरदा ऐकलेलं असतं. प्रत्यक्षात यात किमान दोन वेगळ्या वेदना एकत्र नांदतात आणि दोघींवरचा उपाय वेगळा आहे.

पहिली सुजेची. गाठ खोल असते, तिच्यात दाब वाढतो आणि नाडीच्या ठोक्याबरोबर ठसठस होते. झोप लागत नाही, हात शरीराला टेकवता येत नाही. फुटल्यावर एकदम उतार पडतो. दुसरी वेदना गळू नसतानाही राहते. जुन्या वणाच्या आसपास आग होते, वीज चमकल्यासारखी कळ येते, कपड्याचा नुसता स्पर्श सहन होत नाही. ही चिडलेल्या मज्जातंतूंची वेदना. वर्षानुवर्षं सूज राहिली की ती मागे उरते.

सुजेच्या वेदनेवर गरम पाण्याच्या घडीने दहा-पंधरा मिनिटं शेकणं हा जुना उपाय अनेकांना आराम देतो, काहींना उलट बर्फाने बरं वाटतं. बर्फ कापडात गुंडाळून लावावा. गोळ्यांमध्ये सुरुवात पॅरासिटामॉलने होते, मग आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेनसारख्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या. दुसऱ्या गटातल्या गोळ्या उपाशीपोटी घेऊ नयेत. दोन वेगवेगळ्या नावांच्या अशा गोळ्या एकत्र घेण्याची चूक फार होते, कारण मेडिकलमधून आणलेल्या पाकिटात आत काय आहे हे कुणी वाचत नाही. मूत्रपिंडाचा त्रास, पोटातला अल्सर, उच्च रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोतच. महिनाभर रोज गोळी लागत असेल, तर मूळ आजारावरचा उपचार कमी पडतोय असा त्याचा अर्थ.

एखादीच गाठ फार ठणकत असेल तर त्वचारोगतज्ज्ञ तिच्यात स्टेरॉइडचं छोटं इंजेक्शन देऊ शकतात. अनेक रुग्णांना दोन-तीन दिवसांत दुखणं उतरल्याचं जाणवतं. अभ्यासांचे निष्कर्ष मात्र सगळे एका बाजूचे नाहीत. परीक्षेच्या किंवा घरातल्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात हा पर्याय आहे एवढं ठाऊक असणंही पुष्कळ. कॉलेजच्या वेळेत तातडीने डॉक्टर भेटतील अशी सोय असावी लागते, आणि तीच बऱ्याचदा नसते.

मज्जातंतूंच्या वेदनेवर नेहमीची पेनकिलर फारशी चालत नाही. तिच्यासाठी गॅबापेंटिन, प्रीगाबालिन किंवा ड्युलॉक्सेटिन ही वेगळी औषधं आहेत. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची. सुरुवातीला गुंगी येते, त्यामुळे त्या दिवसांत दुचाकी चालवू नये. ड्युलॉक्सेटिन मुळात नैराश्यावरचं औषध. ते लिहून दिलं म्हणजे डॉक्टर 'सगळं मनाचं आहे' म्हणतायत असा गैरसमज होतो. तसं नाही, ते वेदनेवरही काम करतं. ट्रामाडॉलसारख्या अफूवर्गीय गोळ्या शस्त्रक्रियेनंतर थोडे दिवस ठीक. रोजच्या केल्या तर सवय लागते.

डॉक्टरांपुढे 'खूप दुखतं' म्हणण्यापेक्षा शून्य ते दहा या मापात सांगणं जास्त उपयोगी पडतं. आज किती, सर्वाधिक किती, झोप किती वेळा मोडली, कुठलं काम सोडावं लागलं. ठसठसतं की आग होते, हेही सांगावं, कारण औषध त्यावरून ठरतं.

चिरा देऊन का भागत नाही?

पुवाने तट्ट फुगलेल्या गळवाला चिरा दिला की लगेच सुटल्यासारखं वाटतं. असह्य वेदनेत तो द्यावा लागतोही. पण नळीचं बुजलेलं तोंड आणि भुयाराची भिंत आतच राहते, त्यामुळे त्याच जागी ते जवळजवळ हमखास परत येतं. दरवेळी चिराच देत राहणं हा एचएसवरचा उपचार नाही.

त्याऐवजी डीरूफिंग नावाची छोटी शस्त्रक्रिया आहे. भुयाराचं छत काढून टाकायचं, तळ तसाच ठेवायचा आणि जखम खालून वर आपोआप भरू द्यायची. लहान भुयारासाठी ती त्या जागेपुरती भूल देऊनही होते. भरायला काही आठवडे लागतात, रोज पट्टी करावी लागते, पण त्या जागी आजार परतण्याचं प्रमाण चिऱ्यापेक्षा खूपच कमी असतं. तिसऱ्या पायरीवर मात्र आजारी त्वचेचा मोठा भाग काढावा लागतो आणि कधी दुसरीकडची त्वचा आणून लावावी लागते.

घरी सुईने फोडणं, पिळणं, बिब्बा लावणं हे प्रकार टाळावेत. बिब्ब्याने त्वचा भाजते आणि मूळ जखमेवर दुसरी जखम होते. जांघेत खाज-गजकर्णासाठी मिळणारी स्टेरॉइडमिश्रित मलमंही मनाने लावू नयेत, त्यांनी त्वचा पातळ होते.

औषधं कोणती आहेत?

सौम्य आजारात क्लिंडामायसिनचं लावायचं औषध आणि क्लोरहेक्सिडिन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइडचा वॉश यापासून सुरुवात होते. त्यापुढे डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी काही आठवडे ते तीन महिने. ती जंतूंपेक्षा सूज कमी करण्यासाठी दिलेली असते, म्हणून कोर्स लांब असतो. ती गरोदरपणात चालत नाही.

क्लिंडामायसिन आणि रिफॅम्पिसिन ही जोडी जगभर वापरली जाते. आपल्याकडे तिच्याबाबत सावध राहावं लागतं, कारण रिफॅम्पिसिन हे टीबीवरचं मुख्य औषध आहे. टीबी नाही याची खात्री न करता ते एचएससाठी दिलं, तर लपलेले टीबीचे जंतू त्याला दाद देईनासे होऊ शकतात. त्याने लघवी केशरी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही तो कमी करतो, हे मात्र सांगितलं गेलं पाहिजे. पाळीच्या आधी गळवं वाढणाऱ्या किंवा पीसीओएस असलेल्या स्त्रियांना स्पायरोनोलॅक्टोन किंवा मेटफॉर्मिनचा उपयोग होऊ शकतो.

यानेही भागलं नाही तर बायोलॉजिक इंजेक्शनं. अडालिमुमॅबला २०१५ मध्ये अमेरिकेत एचएससाठी मान्यता मिळाली, सेकुकिनुमॅबला २०२३ मध्ये आणि बिमेकिझुमॅबला २०२४ मध्ये. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत अडालिमुमॅब घेणाऱ्यांपैकी एकीत ४१.८ टक्के आणि दुसरीत ५८.९ टक्के रुग्णांची गळवं व गाठी बारा आठवड्यांत निम्म्याने किंवा जास्त कमी झाल्या. नुसतं दिखाऊ इंजेक्शन मिळालेल्यांत हेच प्रमाण २६ आणि २७.६ टक्के होतं. म्हणजे औषध खरं आहे, जादू नाही.

अडालिमुमॅबची जगातली पहिली स्वस्त प्रतिकृती अहमदाबादच्या झायडस कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये भारतातच आणली. तरीही खर्च जड जातो, कारण एचएसमध्ये सुरुवातीच्या मोठ्या डोसनंतर इंजेक्शन सहसा दर आठवड्याला घ्यावं लागतं, संधिवातासारखं पंधरवड्याने नाही. ते सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि लपलेल्या टीबीची चाचणी टाळता येत नाही.

पावसाळा, पट्टी आणि कपडे

कोल्हापूरचा पावसाळा या रुग्णांची परीक्षा पाहतो. जून ते सप्टेंबर आतले कपडे नीट वाळत नाहीत, दमट कापड काखेत-जांघेत घासतं आणि नवी गाठ लागते. मार्च ते मेमध्ये तेच काम घाम करतो. इस्त्री फिरवून पूर्ण कोरडे केलेले सैल सुती कपडे, जास्तीचे दोन जोड आणि कामावरच्या पिशवीत एक टॉवेल, या साध्या गोष्टींचा फरक पडतो. घट्ट जीन्स, तारेची ब्रा आणि जाड शिवण असलेली अंतर्वस्त्रं टाळावीत.

जखम वाहती असेल तर चिकटपट्टीऐवजी शोषून घेणारी जाड पट्टी लागते. विकतच्या ड्रेसिंगचा रोजचा खर्च झेपत नसेल तर स्वच्छ सॅनिटरी पॅड हा चालण्यासारखा पर्याय आहे. त्याखाली व्हॅसलीनचा पातळ थर दिला की पट्टी जखमेला चिकटत नाही. जांघेत ती सायकलिंग शॉर्टसारख्या कपड्याने जागेवर राहते, काखेत बाहीच्या बनियनने. काढताना ओढू नये, कोमट पाण्याने भिजवून सोडवावी. वासावर अत्तर मारून उपयोग नाही, पट्टी वेळेवर बदलली की तो पुष्कळ कमी होतो. एकदम वाढला तर डॉक्टरांना दाखवावं.

धुताना घासणी नको, हातानेच हलके. गळवं चालू असताना त्या जागी वस्तरा आणि वॅक्सिंग बंद, कात्रीने केस बारीक करावेत. ज्यांना परवडतं त्यांच्यासाठी लेझरने केस कमी करण्याचा मार्ग आहे आणि सुरुवातीच्या आजारात तो उपयोगी ठरल्याचं दिसतं. उघड्या जखमा असताना पंचगंगेत किंवा विहिरीत पोहणं टाळावं.

रस्सा सोडायचा का?

हा प्रश्न कोल्हापुरात पहिला येतो. तांबड्या रश्श्यामुळे एचएस होतो असं दाखवणारा पुरावा नाही. दूध, साखर आणि यीस्ट कमी केल्याने काहींना बरं वाटल्याचे छोटे अभ्यास आहेत, पण सगळ्यांनी दूध सोडावं एवढं त्यात वजन नाही. एखादा पदार्थ खाल्ला की गळू येतं असा संशय असेल तर तो दोन-तीन महिने बंद करून नोंद ठेवावी. फरक नसेल तर परत सुरू करावा. सगळंच सोडून अशक्त होण्यात अर्थ नाही, सतत वाहणाऱ्या जखमांनी आधीच रक्त कमी झालेलं असू शकतं.

वजन जास्त असेल तर ते उतरल्याने अनेकांचा त्रास कमी होतो. अडचण अशी की जांघेत जखम असताना चालायचं कसं? 'आधी वजन कमी करा, मग बघू' असं सांगून रुग्णाला परत पाठवणं म्हणूनच चुकीचं. आधी दुखणं आवरावं, म्हणजे चालणं जमेल. सिगारेट-विडी मात्र सोडावीच. तंबाखू आणि मिश्रीचा एचएसशी संबंध धूम्रपानाइतका तपासला गेलेला नाही. तोंडाच्या कर्करोगासाठी त्या सोडाव्यात, एवढं कारण पुरे आहे.

नोकरी, लग्न आणि मन

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत भट्टीजवळ उभं राहणारा कामगार, इचलकरंजीत बारा तास मागावर उभा असलेला माणूस, रोज खड्ड्यांतून एसटीने येणारी विद्यार्थिनी, या सगळ्यांची गैरहजेरी बाहेरून आळसासारखी दिसते. आजार कपड्यांखाली असतो. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या २१ प्रकारांत एचएसचं नाव नाही. पण ईएसआयसीत नाव असलेल्या कामगाराला, वर्गणीच्या अटी पूर्ण असतील तर, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो. पुष्कळ जण तो न मागता बिनपगारी रजा घेतात.

त्वचारोगाचा जगण्यावर किती परिणाम होतो हे मोजण्यासाठी कार्डिफच्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये दहा प्रश्नांची एक यादी तयार केली. कपडे, घरकाम, खेळ, नोकरी, शरीरसंबंध असं सगळं त्यात विचारतात. त्या मापात एचएसचे रुग्ण त्वचारोगांमध्ये सर्वाधिक त्रास असलेल्यांत मोडतात. नैराश्य आणि आत्महत्येचे विचार त्यांच्यात जास्त आढळतात. असे विचार येत असतील तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येतं.

लग्नाआधी सांगायचं का, याला एकच उत्तर नाही. पण वर्षानुवर्षं जोडीदारापासून वण लपवत जगणं हाही आजाराचाच भार होतो. जोडीदाराला तो लागणार नाही, मूल होण्यात तो सहसा आड येत नाही. मुलांना होण्याची शक्यता थोडी वाढते, खात्री नसते. गर्भधारणेचा विचार असेल तर चालू औषधं आधी दाखवून घ्यावीत, विशेषतः ॲसिट्रेटिन. ते थांबवल्यावरही तीन वर्षं गर्भधारणा टाळावी लागते.

पहिल्या भेटीला काय न्यावं?

कोल्हापुरात सीपीआर रुग्णालय राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे. कदमवाडीत डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, आणि जवळच मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. सुरुवात त्वचारोग विभागापासून करावी. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ती बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारावं.

सोबत जुन्या चिठ्ठ्या, आतापर्यंतच्या गळवांची जागा आणि महिना लिहिलेला कागद, आणि गळू भरात असतानाचे मोबाइलवरचे फोटो न्यावेत, कारण भेटीच्या दिवशी ते बसलेलं असण्याचीच शक्यता जास्त. डॉक्टर पुरुष असल्याने अवघडल्यासारखं वाटत असेल तर स्त्री डॉक्टर किंवा परिचारिका सोबत मागता येते. सांधेदुखी किंवा दीर्घकाळचे जुलाब असतील तर तेही सांगावं, संधिवात आणि क्रोन्स नावाचा आतड्याचा आजार एचएसबरोबर येऊ शकतो.

तारखेची वाट न पाहता लगेच जावं अशा वेळाही आहेत: थंडी वाजून ताप, झपाट्याने पसरणारी लाली, जननेंद्रियाजवळची त्वचा काळी पडणं, आणि मधुमेह असलेल्याचं कुठलंही मोठं गळू. बसायच्या जागेची अनेक वर्षांची जखम अचानक वाढू लागली, तिच्यावर मांस आलं किंवा रक्त येऊ लागलं, तर तुकडा काढून तपासावा लागतो. जुन्या जखमेत क्वचित त्वचेचा कर्करोग होतो, आणि लवकर सापडला तर तो काढून टाकता येतो.